न ऐकलेलं सुतक

ऐन दसऱ्याच्या आठवड्यात कर्नल तीर्थमान बस्नेत यांनी आपला फोन बंद करून तांदळाच्या पिंपात पुरला, कारण गावाकडे ठूलबा मरायला टेकले होते.

ठूलबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पोरक्या तीर्थमानला त्यांनीच वाढवलं, ओखलढुंग्याच्या चढणीवर पळवून पळवून नेपाळी फौजेत घातलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते गेले, की अग्नी कर्नलनीच द्यायचा, डोकं भादरायचं, पांढरं नेसून तेरा दिवस कोपऱ्यात बसायचं. तेही त्यांनी मनापासून केलं असतं. अडचण एवढीच होती, की सुतकात दसऱ्याचा टिका लावून घेता येत नाही.

फौजेत माणूस बंदुकीच्या जोरावर वर चढतो, असं बाहेरच्यांना वाटतं. तीर्थमान चढले ते कपाळाच्या जोरावर. दर दसऱ्याला वरिष्ठांच्या अंगणात ताटकळायचं, साहेबांच्या हातून दही-तांदळाचा लाल टिका थापून घ्यायचा, कानावर जवाचे पिवळे कोंब खोचून घ्यायचे. अंगणात दिसलेला माणूस साहेब वर्षभर विसरत नाहीत. न दिसलेला तिथल्या तिथे विसरतात. एका वर्षी शांतिसेनेबरोबर कांगोत असल्यामुळे तीर्थमानचा दसरा हुकला, तर परत आल्यावर त्यांना बँडपथक सांभाळायला दिलं होतं.

आता कार्तिकात नोकरीची मुदत संपत होती. त्याआधी ब्रिगेडियर झाले तर ठीक, नाहीतर कायमचे घरी. निवड जनरल उपेन्द्रध्वज कार्कींच्या हातात होती, आणि शेजारच्या पलटणीचा कर्नल म्हणे नवमीपासूनच त्यांच्या फाटकाभोवती घुटमळत होता.

पण सुतक बातमी ऐकल्यापासून धरतात. शास्त्रानंच ही सोय करून ठेवलेली. शिवाय ठूलबा स्वतः जुने हवालदार. न ऐकलेला हुकूम हा हुकूमच नसतो, ही त्यांचीच शिकवण. कर्नल फक्त ती पाळत होते.

"ते तिकडं तुमचं नाव घेत असतील," बायको मंदिरा म्हणाली.

"म्हणून तर बंद ठेवलाय."

फाटकावरच्या शिपायाला सक्त ताकीद होती, कुणाचाही निरोप आत आणायचा नाही. मटणाच्या रांगेत गावाकडचा एक ओळखीचा हात हलवत जवळ येऊ लागला, तेव्हा कर्नल रांग सोडून बोळातून असे पळाले, की तसं पळणं प्रशिक्षणानंतर त्यांना जमलं नव्हतं. रात्री झोप लागेना. आपण माणसाला मरू देत नाही आहोत की जगू देत नाही आहोत, हेच त्यांना ठरवता येईना.

दसऱ्याच्या सकाळी अंगात नवा दौरा-सुरुवाल, डोक्यावर टोपी, हातात लाल फीत बांधलेला मिठाईचा पेटारा, अशा थाटात ते जनरलच्या गल्लीत पोचले. गल्लीत एकही गाडी नव्हती. आपला पहिला नंबर लागला म्हणून त्यांना भरून आलं.

अंगणात जनरल गवताच्या चटईवर बसले होते. डोक्याचा गोटा, अंगावर पांढरं धोतर. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांची आई गेली होती. यंदा टिका नाही, कुणी येऊ नये, असं सगळ्या अधिकाऱ्यांना फोनवर कळवलं होतं. परदेशातून आत्ताच पोचलेल्या धाकट्या भावाचं डोकं न्हावी भादरत होता.

जनरलनी लाल फितीकडं पाहिलं. "मिठाई आणलीस, बस्नेत?"

कर्नलच्या डोळ्यांसमोर बँडपथकसुद्धा दिसेना. तोंड आपोआप उघडलं.

"सर, मीही सुतकातच आहे. माझे ठूलबा गेले."

जी बातमी ऐकू नये म्हणून ते आठवडाभर जिवाच्या आकांतानं पळत होते, ती त्यांनी स्वतःच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकली.

जनरलचा चेहरा निवळला. ज्यांनी वाढवलं तेच ना, त्यांनी विचारलं. त्यांना मूल नव्हतं ना? मग याच्या डोक्यावर अजून केस कसे? जनरलनी न्हाव्याला खूण केली आणि आतून एक पांढरं धोतर मागवलं.

केस मांडीवर पडू लागले तसे कर्नल हुंदके देऊन रडायला लागले. ते रडणं मात्र खरं होतं. ओखलढुंग्याची ती चढण आठवत होती, आणि मागून काठी घेऊन धापा टाकत पळणारा म्हातारा.

"रड," जनरल म्हणाले. "फौजेत रडायला एवढीच जागा आहे. निवडीच्या वेळी मी हे लक्षात ठेवीन."

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. पुढून मंदिरा उतरली, ओशाळलेली. तिच्या खांद्याला धरून ठूलबा उतरले. हाडं आणि टोपी, एवढेच उरले होते, पण हातात टिक्याचं ताट होतं. इस्पितळानं त्यांना घरी सोडलं होतं. म्हातारा स्वतः टिका लावायला येतोय, एवढंच सांगायला आठवडाभर सगळं गाव फोन करत होतं.

ठूलबांनी अंगणभर नजर फिरवली. पुतण्याचं अर्धं भादरलेलं डोकं दिसलं, तसं त्यांनी ताट मंदिराच्या हाती दिलं. जनरलही कर्नलकडंच पाहत होते. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला.

"कोण गेलं रे, बाबू?" ठूलबांनी विचारलं.

कर्नल तीर्थमान बस्नेत यांना ऐकू आलं नाही.