हातावरचं दही

सहादूकाकांच्या अस्थी रात्रभर आमच्या नाशिकच्या सोसायटीतल्या बदामाच्या झाडाला टांगलेल्या होत्या. अस्थी घरात घेत नाहीत. अश्विनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तांबड्या फडक्यात बांधलेलं लहानसं मडकं पार्किंगशेजारच्या फांदीला अडकवलं, तेव्हा वॉचमन खालून म्हणाला, "अजून जरा वर बांधा साहेब, इथं मांजरी लई चढतात."

सकाळी आम्ही रामकुंडावर जायला निघालो. सुमनमावशी, काकांची बायको आणि माझ्या आईची धाकटी बहीण, स्वयंपाकघरातून दह्याची वाटी आणि चमचा घेऊन खाली आली. तिच्या घरून कोणीही बाहेर पडलं की हातावर दही ठेवायचं, ही तिची जुनी रीत. दही खाऊन गेलेला माणूस परत येतो. काका एसटीवर ड्रायव्हर होते. वणीहून सुटणाऱ्या गाड्या त्यांनी आयुष्यभर चालवल्या, आणि प्रत्येक ड्युटीला निघताना दारात उभं राहून तळहात चाटला. परवा दुपारी छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी उचलून जीपमध्ये घातलं, आणि त्या घाईत दही तेवढं राहिलं. मावशी रडताना हेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिने अश्विनच्या हातावर दही ठेवलं. गेटाशी थांबलेल्या रिक्षावाल्या यादवच्याही. मग माझ्याकडे वळली.

"मला नको, मावशी. हात चिकट होतात."

"हातावरचं दही नाय म्हणू नये गं, चैताली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ती दुखावली होती.

तेवढ्यात अश्विनने मडकं झाडावरून उतरवलं. मावशी त्याच्याजवळ गेली आणि चमच्याला लागलेलं उरलेलं दही तिने त्या तांबड्या फडक्याला, गाठीच्या जरा खाली, पुसलं. अश्विनने ते पाहिलं नाही. मी पाहिलं. सवयीने हात गेला असेल असं मला वाटलं.

रामकुंडावर सगळं लवकर आटोपलं. अश्विन गुडघाभर पाण्यात उतरला, मडकं पालथं केलं, फडकंही सोडलं. "आता मागे वळून बघायचं नाही," गुरुजी म्हणाले. मावशीने वळून पाहिलं नाही. मात्र घाटाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच हळू झाली. पाय दुखत असतील म्हणून मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. सोबतचा माणूस मागे पडला की आपण जसे रेंगाळतो, तशी ती रेंगाळत होती.

अश्विनला इगतपुरीला जायचं होतं. तो तिथे रेल्वेत आहे. बायको-पोराला घेऊन तो संध्याकाळी येणार आणि मग सगळे वणीला परतणार. निघताना त्याने मला बाजूला घेतलं.

"ताई, परवापासून आईच्या पोटात नुसता चहा आहे. पाणीसुद्धा पीत नाही. डॉक्टर म्हणाले, या उन्हात असंच राहिली तर जड जाईल. तेवढं बघ."

"बघते."

"आणि ते लेण्यांचं वेड डोक्यातून काढ तिच्या. लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

मावशीने ते ऐकलं. "देवळात नाय जायचं सुतकात. लेण्याला काय सुतक?" ती म्हणाली. "जन्मभर म्हणत होते, सुमन, तुला पांडवलेणी दाखवतो. मी नाशिक पाहिलं ते बसस्टँडपुरतं. आज बघून घेते."

मी तिच्या बाजूने बोलले. घरात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली असती. बाहेर निदान पाणी पिईल, दोन घास खाईल. उरलेल्या दह्याचा दहीभात मी सकाळीच डब्यात भरला होता. पाण्याची मोठी स्टीलची बाटली मावशीच्याच हातात दिली. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. मे महिन्याच्या दुपारी शरीरातून किती पाणी जातं याचा अंदाज मला होता, आणि बाटली मी त्याच हिशेबाने भरली होती.

रिक्षात बसलो तरी यादव गाडी सुरू करेना.

"चला ना, यादवभाऊ."

"अजून एक जण यायचेत ना?"

"नाही. अश्विन गेला इगतपुरीला."

"ते नाही हो. वयस्कर होते. तुमच्या मागून येत होते ना घाट चढून." त्याने मान वळवून मागे पाहिलं. "ओले होते जरा. जाऊ द्या, दुसरं कोणी असेल."

रामकुंडावर ओल्या अंगाने चालणारी माणसं कायमच असतात. मी तसं म्हणालेही. मावशी सीटच्या अगदी कडेला अंग चोरून बसली होती. आमच्या दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सुटली होती. "मध्ये सरक ना," मी म्हणाले. "बरी हाय," ती म्हणाली.

पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. यादव लिंबाखाली रिक्षा लावून थांबला. लेण्यांच्या पायऱ्या सुरुवातीला झाडांतून जातात, पुढे उघड्यावर येतात. मावशी माझ्यामागे होती. मी अधूनमधून म्हणायचे, "मावशी, पाणी." ती म्हणायची, "हो." मागे झाकण फिरवल्याचा आवाज यायचा. अर्ध्या वाटेवर टेकलो तेव्हा मी बाटली उचलून पाहिली. निम्म्याहून हलकी झाली होती. मला बरं वाटलं.

उघड्यावरच्या पायऱ्यांवर मला पहिला ठसा दिसला.

ओल्या, अनवाणी पावलाचा ठसा. टाच, कडा, बोटं. आमच्या पुढच्या पायरीवर. माझ्या डोळ्यांदेखत तो कडांकडून आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. मी वर पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. त्या उन्हात, तापलेल्या काळ्या दगडावर असा ठसा अर्धा मिनिटसुद्धा टिकत नाही. म्हणजे पाऊल टाकणारा माणूस अर्ध्या मिनिटापूर्वी इथे होता, आणि वळणापर्यंतची सगळी वाट मला स्वच्छ दिसत होती.

पुढचा ठसा आणखी वर होता. डाव्या पायाचा. त्याचा अंगठा बोटांपासून वेगळा फेकलेला होता.

दर दिवाळीत मी सहादूकाकांच्या पाया पडायचे. ते चपला काढून गाडी चालवत. क्लच दाबून दाबून डावं पाऊल पसरलेलं होतं आणि अंगठा असाच बाकीच्या बोटांपासून दूर गेलेला होता. वाकलं की तोच आधी दिसायचा.

कोणीतरी वर पाणी नेलं असेल, ते सांडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग बाटलीकडे हात केला. तिच्यात एक थेंब उरला नव्हता. आणि मी पहिल्यांदा मावशीकडे नीट पाहिलं. तिचे ओठ फुटले होते. चेहरा तांबडा आणि कोरडा होता, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. एवढं चढून आलेल्या माणसाला घाम नसणं ही वाईट खूण असते.

"मावशी, तू पाणी प्यायलीस ना?"

"मी कुठं?" ती सहज म्हणाली. "त्यांना दिलं. लय तहान लागली होती त्यांना."

पुढचं मला तुटक आठवतं. परतावं तर सगळी वाट उन्हाची होती, आणि लेणी चार पावलांवर होती. तिला सावलीत नेणं एवढंच मला सुचलं. मी तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं आणि पहिल्या मोठ्या लेण्यात आणलं. आत गारवा होता. मधलं दालन मोठं, तिन्ही बाजूंनी भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, प्रत्येकीत दगडातच कोरलेला झोपायचा ओटा. लेण्याच्या तोंडाशी एक कुटुंब फोटो काढत होतं. मी त्यांच्याकडे पाणी मागायला वळले. त्यांनी बाटली दिली. परत फिरले तर मावशी दालनात नव्हती.

ती कोपऱ्यातल्या खोलीत सापडली. ओट्याच्या एका टोकाला बसली होती. दुसरी बाजू मोकळी ठेवून.

"मावशी, पाणी पी."

"त्यांना दे आधी."

"मावशी, इथे कोणी नाही."

"बरं." तिने माझी समजूत घातल्यासारखी मान हलवली. "तू हो पुढं. मी बसते इथं. ते म्हणतात, आज ड्युटी नाय, बस निवांत. गार हाय बघ किती."

मी तिची नाडी पाहिली. बारीक होती आणि फार जलद. बाटली ओठांना लावली तर तिने तोंड फिरवलं, पाणी गळ्यावरून पदरात गेलं. डबा उघडला, घास पुढे केला.

"ते उपाशी हायत. मी कशी खाऊ?" ती म्हणाली, आणि डोळे मिटून मागच्या दगडाला टेकली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला भीती वाटली. त्या खोलीत भिजलेल्या खाकी कापडाचा वास येत होता. ओट्याची मोकळी बाजू ओली होती. भर मे महिन्यात तिथे पाझर नसतो. वरच्या छताला मी हात लावून पाहिला, ते ठणठणीत कोरडं होतं.

मी ती ओल पाहत उभी राहिले. सकाळी फडक्यावर पुसलेलं दही मला आठवलं. हात सवयीने गेला नव्हता. जीपमध्ये घालताना जे राहिलं, ते तिने दिलं होतं. आणि दही खाऊन गेलेला माणूस परत येतो.

मी हे सगळं खरं मानलं असं म्हणणार नाही. पण मावशी ते मानत होती, आणि मला तिला त्या ओट्यावरून उठवायचं होतं. घास ती नाकारत होती, पाणी नाकारत होती. एकच गोष्ट तिने आयुष्यात, आज सकाळी मी सोडले तर, कोणाला नाकारू दिली नव्हती.

डब्यातल्या भाताच्या कडेला थोडं दही सुटून आलं होतं. उन्हाने ते चांगलंच आंबलं होतं. मी ते बोटाने गोळा केलं, मावशीचा उजवा हात उलगडला आणि तळहातावर ठेवलं.

"मावशी, निघायचंय आपल्याला."

तिने डोळे उघडले. तळहाताकडे पाहिलं. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. माझ्या बोटाला अजून थोडं दही लागलेलं होतं आणि तिची नजर त्या बोटावर आली.

"त्यांना?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही.

दालनात त्या कुटुंबातलं कोणीतरी हसलं, तो आवाज भिंतींवर फिरून गेला. मावशीने डावा हात शेजारच्या ओल्या दगडावर ठेवला, मग उचलला.

"नको," ती म्हणाली. "त्यांना नको देऊ आता."

आणि तिने तळहात तोंडाशी नेला.

त्यानंतर ती पाणी प्यायली. आधी दोन घोट, मग अर्धी बाटली. मी तिचा पदर भिजवून डोक्यावर ठेवला, मान पुसली. हळूहळू नाडी खाली आली. दहीभाताचे चार घास तिने स्वतःच्या हाताने खाल्ले, भिंतीकडे तोंड करून, कोणाला दिसू नये तसे. डबा रिकामा झाल्यावर तिने एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तू सकाळी घेतलं नव्हतंस."

"असू दे गं."

"असू दे काय? तुझ्या हातावर काहीच नाय." तिने डब्यात पाहिलं. त्यात एक शीत नव्हतं. माझं बोट मी केव्हाच पदराला पुसलं होतं. मावशीने माझा हात ओढला, आपला चिकट तळहात माझ्या तळहातावर ठेवला आणि दाबून धरला. "अर्धं तुझं," ती म्हणाली. "चाट."

मी चाटला. आंबट, खारट, तिच्या हाताच्या घामाची चव होती. तिला घाम आला होता.

उतरताना मी पायऱ्यांकडे पाहत होते. पुढे काही नव्हतं. मागे मी पाहिलं नाही. मावशी रेंगाळली नाही. वळणावर एकदा तिने माझा दंड घट्ट धरला, तेवढंच.

लिंबाखाली यादव सीटवर आडवा झाला होता. आम्हाला पाहून उठला, पाणी विचारलं, मावशीसाठी सीटवरचं फडकं झटकलं. ती चढली आणि मधोमध बसली, ऐसपैस. मला कडेला सरकावं लागलं.

"ते काका वरच राहिले का?" यादवने विचारलं.

मी तोंड उघडलं. मावशीने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "राहिले. चल तू."

यादवने रिक्षा सुरू केली, वळवली. मग आरशात पायऱ्यांच्या दिशेने पाहून त्याने हँडलवरचा एक हात किंचित वर उचलला. समोरून येणाऱ्या ओळखीच्या गाडीला ड्रायव्हर लोक करतात, तसा.