गोळ्यांची पाकिटं

सहाव्या प्रोजेक्टमधून भाचीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. वर्षाच्या शेवटी एक पॅकेजिंग स्टुडिओ कॉलेजात यायचा आणि ग्राफिक डिझाइनच्या तेवीस जणांमधून एकालाच उचलायचा. त्या एकाला खिडकीजवळचं टेबल, स्वतःचा कॉम्प्युटर आणि सहा महिने टिकला तर कायमची नोकरी. उरलेल्या बावीस जणांना व्हिजिटिंग कार्डं, दुकानांच्या पाट्या आणि 'लोगो जरा मोठा करा ना' म्हणणारी गिऱ्हाइकं. शिवाय गेली तीन वर्षं भाची आत्याच्या दोन खोल्यांत राहत होती आणि दर रविवारी आईबाबांना फोनवर 'चाललंय' एवढंच सांगत होती. स्टुडिओत जागा मिळाली असती तर 'झालं' म्हणता आलं असतं. हेही काही कमी नव्हतं.

आधीच्या पाच प्रोजेक्टांनी तिला फारसं काही दिलं नव्हतं. पाणी वाचवा म्हणणारं पोस्टर, अक्षरांचा एक संच, न उघडलेल्या बेकरीचा लोगो, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मुलांच्या गोष्टीचं मुखपृष्ठ. पाचही कामं अशी नेटकी, की धूळसुद्धा बसायला बिचकेल. सर प्रत्येक वेळी चश्म्यावरून बघत म्हणायचे, "सुबक आहे. पण कोणासाठी आहे?" पहिल्या दोन वेळा ती गोंधळली, तिसऱ्यांदा रडली आणि चौथ्या वेळेपर्यंत वर्गाने तिचं नाव 'सुबकताई' पाडून टाकलं होतं.

प्रत्येक प्रोजेक्टसोबत एक पानभर मागोवा लिहून द्यावा लागे. या कामातून काय शिकलात, कुठे चुकलात, कोणाला उपयोग झाला. भाची हे पान काम सुरू करायच्या आधीच लिहून मोकळी व्हायची. चुका मागाहून लिहायला बसलं की त्या खऱ्याच निघतात, हे तिला लवकर कळलं होतं.

सहाव्यासाठी मात्र सरांनी आधीच बजावलं: या वेळी खरा माणूस हवा आणि त्याची खरी अडचण हवी. कागदावरची माणसं बास झाली.

खरा माणूस शोधायला भाचीला लांब जावं लागलं नाही. आत्या एका औषधांच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरवर उभी होती. लग्न केलं नव्हतं, का केलं नाही हे विचारणारे थकून गेले होते. दुकानाचे मालक गल्ल्यावर बसायचे. लोक त्यांना नमस्कार करायचे आणि औषध विचारायला आत्याकडे वळायचे. डॉक्टरांचं अक्षर वाचावं तर आत्यानेच. दोन डॉक्टर तर म्हणे स्वतःचीच चिठ्ठी वाचता आली नाही की दुकानात फोन करायचे.

एके दुपारी भाची घराची किल्ली विसरली म्हणून दुकानात गेली आणि तासभर स्टुलावर बसून राहिली. तेव्हा तिने ते पाहिलं. आत्या गोळ्या मोजून कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटाचे कोपरे दुमडायची. सकाळच्या गोळीला एक कोपरा, दुपारच्या गोळीला दोन, रात्रीच्या गोळीला तीन. जेवणाआधीची असेल तर वर पिन, जेवणानंतरची असेल तर तळाशी पिन. हे काय, असं विचारल्यावर आत्याला हसू आलं. एक म्हातारा सुतार गिऱ्हाईक होता, त्याची नजर गेली होती पण बोटं शाबूत होती. त्याच्यासाठी सुरू केलं. मग त्याने बायकोला सांगितलं, बायकोने शेजारणीला, आणि आता चाळीसेक म्हातारी माणसं चश्मा न शोधता, दिवा न लावता, नुसत्या अंगठ्याने ओळखून बरोबर गोळी घेत होती.

"आणि पिन तळाशी का?" भाचीने विचारलं.

"जेवण आधी खाली गेलेलं असतं म्हणून," आत्या म्हणाली. "तुमच्या कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत का गं?"

भाचीच्या डोक्यात दिवा लागला तो त्या स्टुलावर. पंधरा दिवसांत तिने पाकिटाची घडी पक्की केली, जाड कागद निवडला, दुमडायच्या जागी बारीक खाचा पाडल्या, पिनेच्या जागी उठावाची रेघ आणली. पाकीट खरंच देखणं झालं, हातात धरलं की सोडवेना. सरांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, तीन कोपरे लागल्यावर 'रात्रीची' म्हणाले आणि लहान मुलासारखे खूश झाले. तीन वर्षांत भाचीने सरांना खूश झालेलं पाहिलं नव्हतं. तिला ते बघायचं व्यसनच लागलं म्हणा ना.

मग सरांनी विचारलं, अडचण कोणाची आहे ती? चूक कोण करतं? बोर्डावर एक चेहरा हवा. फोटो, वय, काम, काय त्रास होतो, आणि त्याच्याच तोंडचं एक वाक्य. शंभरातले तीस मार्क त्या चेहऱ्याला होते.

इथे घोडं अडलं. भाची सुताराकडे गेली. तो म्हणाला, गोळ्या माझ्या, आजार माझा, फोटो तुझ्या कॉलेजात कशाला? सुताराच्या बायकोने चहा दिला आणि चूक मात्र एकही दिली नाही. दुसरीकडे गेली, तिसरीकडे गेली. कोणीच चुकत नव्हतं. चुकतील कसे? आत्या कोपरे दुमडून देत होती ना. जिथे आत्या होती तिथे अडचण नव्हती, आणि भाचीला तर अडचणच हवी होती, तीही सोमवारपर्यंत.

तिच्या फोनमध्ये आत्याचा एक फोटो होता. चश्मा नाकावर घसरलेला, हातात गोळ्यांची स्ट्रिप, तोंड किंचित उघडं, नजर हरवलेली. खरं म्हणजे आत्याला त्या क्षणी शिंक येत होती. पण फोटोत शिंक दिसत नाही. फोटोत दिसत होती एक थकलेली, गोंधळलेली बाई, आणि उजेड असा काही पडला होता की सरांच्या भाषेत सांगायचं तर फोटो बोलत होता.

त्याखाली भाचीने लिहिलं: वय अठ्ठावन्न. औषधांच्या दुकानात काम. रात्रीची गोळी सकाळच्या पाकिटात जाते, महिन्यातून दोन-तीनदा. आणि मोठ्या अक्षरात आत्याच्याच तोंडचं वाक्य: 'हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही.' हे वाक्य आत्या बोलली होती, त्यात खोट नव्हती. फक्त ते तिने छत्री कुठे ठेवली ते आठवेना तेव्हा म्हटलं होतं.

म्हणजे उपाय आत्याचा उचलला आणि अडचणही आत्याच्याच नावावर लावली. मधल्या जागेत भाचीने स्वतःचं नाव घातलं, अगदी योग्य आकारात, उजवीकडे खाली.

आत्या प्रदर्शनाला येईल असं तिला वाटलं नव्हतं. शनिवारची दुपार म्हणजे दुकानात गर्दीची वेळ. पण आत्याने आठवडाभर काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं, माझ्या भाचीने पाकीट केलंय, कॉलेजात लावलंय. मालकांनाही सांगितलं. मालक म्हणाले, मग बघायलाच हवं, आणि दोन तासांसाठी दुकानाचं शटर ओढून तेही सोबत निघाले. एकोणीस वर्षांत भरदिवसा ते शटर खाली आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आत्याने ठेवणीतले कपडे घातले होते. केसांना तेल जरा जास्तच झालं होतं.

भाचीने त्यांना दारातून येताना पाहिलं तेव्हा ती बोर्डापासून चार पावलांवर होती. चार पावलांत बोर्ड उलटा करता आला असता. पण शेजारी स्टुडिओतून आलेल्या परीक्षक बाई उभ्या होत्या, त्यांच्या हातात पाकीट होतं, आणि त्या नुकत्याच म्हणत होत्या की घडीची ही कल्पना फार दिवसांत बघितली नव्हती, सुचली कशी. भाची म्हणाली, निरीक्षणातून. आणि यातही काही खोटं नव्हतं.

आत्या बोर्डासमोर उभी राहिली. आधी फोटो बघून हसली. मग वाचायला लागली. ती ओठ हलवत वाचायची, त्यामुळे ती कुठल्या ओळीवर आहे हे भाचीला लांबूनही कळत होतं. वय. काम. मग ओठ थांबले. मालक तिच्या खांद्यावरून वाचत होते, त्यांचं वाचन जास्त भरभर होतं.

"बाई, हे काय आहे?" मालकांनी आत्याला हळूच विचारलं. "हे खरं आहे?"

परीक्षक बाई वळल्या. फोटोतला चेहरा समोर सदेह उभा असलेला पाहून त्यांना कोण आनंद झाला. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हीच का त्या? बरं झालं आलात. बहुतेक मुलं हे सगळं मनानेच लिहितात हो. तुम्हीच सांगा, खरंच होते अशी गडबड?"

सरही जवळ आले. एवढ्या माणसांनी आत्याकडे एकदम बघायची ही पहिलीच वेळ असावी. आत्याने भाचीकडे पाहिलं. रागाने नव्हे. गिऱ्हाइकाने पुढे केलेली चिठ्ठी बघावी तसं, कुठलं औषध आणि किती लागेल याचा अंदाज घेत. भाचीने खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"होते कधीकधी," आत्या म्हणाली. "वय झालं आता."

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मालकांनी काही लिहिलं नाही. ते बाकीचे बोर्ड न बघताच निघाले, दुकान उघडायचं होतं म्हणून.

जागा भाचीला मिळाली. तिने आईबाबांना रविवारची वाट न बघता फोन केला आणि 'झालं' म्हणाली.

मालक वाईट माणूस नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी आधी आत्याला काउंटरवरून काढून मागे खोकी उघडायला बसवलं. मग दहाव्या दिवशी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, उद्या कोणाला काही झालं तर मी काय उत्तर देणार? तुम्ही स्वतःच चार लोकांत कबूल केलंत. एकोणीस वर्षं निभावलंत, आता आराम करा. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते म्हणे. आत्यानेच त्यांना पाणी आणून दिलं.

ती दुपारी घरी आली तेव्हा भाची टेबलावर मागोव्याचं पान लिहीत होती. या एका वेळी तिला ते आधी लिहून ठेवायला सवड झाली नव्हती. आत्याने चहा टाकला, दोघींचा, आणि काय झालं ते सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुठल्या बाईचं सांगतेय.

भाची उठली. म्हणाली, मी आत्ता जाते, मालकांना सांगते, ते सगळं मी मनाने लिहिलं होतं.

"मालकांना सांगशील. मग ते कॉलेजला विचारतील," आत्या म्हणाली. "मग तुझ्या जागेचं काय?"

भाची उभी राहिली. जायचं असेल तर चपला दारातच होत्या. आत्याने चहा गाळला, साखर ढवळली, कप टेबलावर ठेवला, आणि एवढा वेळ जाऊनही चपला दारातच राहिल्या. मग ती बसली. चहा गरम होता, तो निवायच्या आत प्यायला हवाच होता.

"एकोणीस वर्षांत मी एकदाही चुकीच्या पाकिटात गोळी घातली नाही," आत्या म्हणाली. "तू पहिल्याच खेपेला घातलीस."



भाचीने पान पूर्ण केलं. कोणाला उपयोग झाला, या प्रश्नाखाली तिने लिहिलं की ज्येष्ठ नागरिकांना. काय शिकलात, याखाली लिहिलं की वापरणाऱ्या माणसाकडून फार शिकायला मिळालं. कुठे चुकलात, याखाली लिहिलं की कागद अजून थोडा पातळ चालला असता. सरांनी पानावर 'प्रामाणिक' असा शेरा दिला.

दुकानात आता एक चटपटीत मुलगी उभी असते. तिला कोपरे दुमडायला वेळ नाही, आणि भाचीचं देखणं पाकीट अजून कुठे छापलेलं नाही. स्टुडिओ म्हणतो, बघू. सुताराची बायको दोन खेपा न दुमडलेली पाकिटं घेऊन परत गेली आणि तिसऱ्या खेपेला गोळ्यांची पिशवी घेऊन जिना चढून थेट आत्याच्या घरी आली. आता दर मंगळवारी सकाळी पाच-सहा म्हातारी माणसं आत्याच्या टेबलाभोवती बसलेली असतात. आत्या फुकट कोपरे दुमडते.

पूर्वी ती गप्पा मारता मारता दुमडायची. आता बोलत नाही. स्ट्रिप उजेडात धरते, नाव वाचते, गोळी घालते, पाकीट पुन्हा उघडते, पुन्हा वाचते. म्हातारे खोळंबतात. कामाला निघालेल्या भाचीला ती दारात अडवते आणि पाकीट पुढे करते.

"एकदा बघ गं. रात्रीचीच आहे ना ही?"

भाची बघते. दर वेळी बरोबर असतं. ती तसं सांगते, तरी आत्या पाकीट पुन्हा उघडते.

तेव्हा एकूण असं झालं. कॉलेजला माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो मिळाला, शिंकेआधीचा. सरांना एक खरा माणूस मिळाला, मालकांना निर्धास्त झोप मिळाली, भाचीला खिडकीजवळचं टेबल मिळालं. सुतार आणि त्याच्यासारख्यांच्या वाट्याला मंगळवारचा जिना आला. बाकी सगळं आत्याने भरलं, आणि अजून भरतेय, एकेक पाकीट तीन-तीनदा उघडून.