आजोबांपुढची लाल टिकली

बालवर्गाच्या बाईंच्या वर्गात सत्तावीस मुलं होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना अजून डावा बूट कुठला नि उजवा कुठला ते कळत नव्हतं. बाईंची सकाळ नाकं पुसण्यात आणि निळा खडू कोणाचा याचा निवाडा करण्यात जायची. अठरा वर्षं त्या हेच करत होत्या, आणि त्याचा त्यांना कंटाळा नव्हता. त्यांचं डोकं फिरायचं ते वरून येणाऱ्या कागदांनी.

या वेळचा कागद देशप्रेमाचा होता. ते लहान वयातच रुजावं म्हणून बालवर्गापासून उपक्रम घ्या, असं शिक्षण कार्यालयाने कळवलं होतं. इथवर बाईंची हरकत नव्हती. दर सोमवारी त्या मुलांकडून राष्ट्रगीत म्हणून घ्यायच्याच. शब्दांची पार वाट लागायची, पण मुलं छाती फुगवून म्हणायची आणि बाईंना ते ऐकायला आवडायचं. मात्र कागदाला एक तक्ता जोडला होता. हल्ली रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी टीव्हीवर राष्ट्रगीत लागतं, तेव्हा घरात कोण उभं राहतं आणि कोण बसून राहतं हे मुलांनी पाहायचं आणि शाळेत येऊन सांगायचं. उभं राहणाऱ्यापुढे हिरवी टिकली चिकटवायची, बसणाऱ्यापुढे लाल. तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावायचा आणि महिनाअखेर त्याचा फोटो पाठवायचा.

बाई तडक मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे गेल्या. पाच वर्षांच्या पोरांनी आता आईबापांची हजेरी घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. मोठ्या बाई फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या की उंटावरून शेळ्या हाकणारे हाकतात, आणि आपण शेळ्या आहोत हे एकदा मान्य केलं की त्रास कमी होतो. त्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती आणि ‘खुलासा’ या शब्दाचा त्यांनी धसका घेतला होता. बाईंनी हात टेकले. तक्ता भिंतीवर लागला.

मग बाईंच्या नाकी नऊ आले. मुलांना टिकल्यांचं वेडच लागलं. एकाने मांजरीसाठी हिरवी मागितली, कारण ती उभीच होती. एका आईने फोन करून सांगितलं की राष्ट्रगीत संपेपर्यंत मुलीने तिला गॅसपर्यंत जाऊ दिलं नाही आणि दूध उतू गेलं. एक बाप म्हणाला, मी आंघोळीला गेलो होतो, ते लाल कसं धरता? बाई प्रत्येकाला तेच उत्तर द्यायच्या: वरून आलंय. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःच्याच आवाजाचा वीट आला.

पुढच्या मंगळवारी सकाळी ठमीचे आजोबा आले. ठमी म्हणजे वर्गातली सर्वांत ठाम मुलगी. ती जे म्हणेल ते वर्गात बिनबोभाट चालायचं. आजोबा काठी टेकत आत आले आणि त्यांनी आधी तक्ता पाहायला मागितला. चष्मा सारखा करून ते ओळी वाचत गेले. ठमीची आई हिरवी, बाबा हिरवे, आजोबा लाल. ओळीने सात दिवस लाल.

बाईंनी खुर्ची दिली, पण बसून पुन्हा उठायचं म्हणजे वेळ लागतो, म्हणून ते उभेच राहिले. त्यांनी सांगितलं की बावीस वर्षं ते सैन्यात होते. गुडघा तिथेच गेला. खाटेवरून उठून भिंत धरेपर्यंत गाणं संपतं. टिकली लागल्यापासून ठमी त्यांच्याशेजारी जेवायला बसत नव्हती.

“तिला गुडघ्याचं सांगितलं नाहीत का?” बाईंनी विचारलं.

“सांगितलं. ती म्हणाली, बाईंनी गुडघ्याचं काही सांगितलेलं नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, “खरं सांगू का, एवढ्या लहान मुलांना हे शिकवूच नये.”

त्यावर आजोबा उलटे चिडले. “का शिकवू नये? मी शाळेतच शिकलो, असल्याच वर्गात. तुम्ही जरूर शिकवा. पण माझ्या नातीला माझ्यावर पहाऱ्याला बसवू नका.”

मग कसं शिकवायचं, हे बाईंनी अगदी मनापासून विचारलं. ते तुमचं काम, असं म्हणून आजोबा मोकळे झाले. बाईंना त्यांचाही राग आला. कार्यालय हुकूम देणार, मोठ्या बाईंना फोटो हवा, आजोबांना शिकवायला हवं पण नीट. आणि नीट म्हणजे काय ते कुणीच सांगणार नाही.

त्यांनी ठमीला बोलावलं आणि आजोबांदेखत सांगितलं की लाल टिकली ही बाईंची चूक होती. ठमीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग हिरवी द्या,” ती म्हणाली.

तिथे बाईंच्या संयमाचा बांध फुटला. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि तक्ता खाली काढला. हिरवीही नाही, लालही नाही, कुणालाच नाही. वर्गात रडारड झाली. पुढच्या बाकावरच्या मुलीने हुंदके देत विचारलं, “मग आता आम्ही देशावर प्रेम करायचं नाही का?”

“करायचं,” बाई म्हणाल्या. “आणि आता डबे काढा.”

फोटो गेला नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी खुलासा लिहायला सांगितला. बाईंनी दोन ओळी लिहिल्या: मुलं घरच्यांवर पहारा ठेवू लागली म्हणून तक्ता काढला. राष्ट्रगीत चालू आहे. पहिली ओळ खोडा, असं मोठ्या बाईंनी सुचवलं. बाईंनी खोडली नाही. बराच वेळ कागद हातात धरून मोठ्या बाईंनी शेवटी सही केली, आणि सही केल्यावर पेन जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

महिनाभराने आजोबा फाटकाशी भेटले. ठमी आता पुन्हा त्यांच्याशेजारी जेवत होती. शिवाय बातम्यांची वेळ झाली की गाणं लागायच्या आधीच ती त्यांना हाताला धरून उठवायची. डॉक्टरांनी अशी उठबस करायला मनाई केली होती. मी सांगू का तिला, असं बाईंनी विचारलं. आजोबा म्हणाले, “नको. धरते बरं घट्ट.”

त्याच दुपारी कार्यालयाचं उत्तर आलं. खुलासा मान्य केला होता. खाली लिहिलं होतं की पुढील महिन्याचा तक्ता वेळेत पाठवावा. बाईंनी ते दोनदा वाचलं, कपाळाला हात लावला आणि कागद घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाल्या.