सातवा सुरुंग

लहान मुलीला, छोटीला, स्वच्छतागृहात नेऊन आणायला पाच मिनिटं लागली असतील. ती परत येऊन बघते तर बाकावर बाबांची टोपी होती, बाबा नव्हते.

सुट्टीचा दिवस, बागेत जिकडेतिकडे पोरंबाळं. ही बाग म्हणजे पूर्वीची दगडखाण. आता तिथे पायवाटा होत्या, झोके होते, खाणीचा इतिहास सांगणारे फलक होते. बाबांनी याच खाणीत तीस वर्षं सुरुंग लावले. हल्ली त्यांना सकाळचं जेवणही आठवत नसे. जुनी जागा पाहून बरं वाटेल, म्हणून त्यांच्या या लेकीनेच त्यांना हट्टाने आणलं होतं. सुरुंग लावायची त्यांची जागा वरच्या कड्यावर होती.

छोटीला तिकीटखिडकीतल्या बाईंजवळ बसवून, रखवालदाराला घेऊन ती वरच्या वाटेने धावली.

"कड्यावरचा कठडा कमरेइतकाच आहे," तो म्हणाला.

बाबा कठड्याच्या पलीकडे उभे होते. त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर कडा तुटलेला, खाली खोल हिरवं पाणी. दोन्ही हात पसरून ते वाटेवरच्या माणसांना अडवत होते.

"बाबा, इकडे या."

ते एक पाऊल मागे सरकले. "पुढे यायचं नाही कुणी."

रखवालदार कठड्यावर पाय टाकणार, तोच तिने त्याची बाही धरली. आपण जवळ गेलो की ते मागे जातात, हे तिच्या लक्षात आलं. ती जागच्या जागी थांबली. लहानपणी खाणीतले कामगार दारात येऊन हाक मारायचे, तशी ती म्हणाली, "मिस्त्री, काय झालं?"

त्यांची नजर ठरली. "सात सुरुंग लावले. सहाच वाजले."

"मी सात मोजले."

"कुठे होतीस?"

"शेडपाशी."

"तिथून काय डोंबल कळतंय!" ते आणखी मागे झाले. टाचेखालचा दगड सुटला. पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

"मग आता किती थांबायचं?" तिने विचारलं.

"अर्धा तास. त्याआधी न वाजलेल्या सुरुंगाजवळ जायचं नाही. नियम आहे."

"असं उघड्यावर?"

ते विचारात पडले. "उघड्यावर कोण थांबतं," चिडून म्हणाले आणि कठड्याकडे आले. एक पाय टाकला, दुसरा अडकला. रखवालदाराने हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटलं. त्यांनी पाय स्वतःच सोडवला, अलीकडच्या मोठ्या दगडाआड जाऊन बसले आणि तिला बसायची खूण केली.

ती बसली. तिने त्यांचा दंड घट्ट धरला. रखवालदाराने लोकांना मागे फिरवलं, वाटेवर दोरी बांधली आणि तोही येऊन बसला.

मध्येच वर आलेल्या दोघांना रखवालदाराने दोरीपासूनच परत पाठवलं.

"एकदा मी थांबलो नव्हतो," बाबा म्हणाले. "घाई होती. सोबतचा कामगार सुरुंग बघायला गेला. मीच म्हटलं, जा. तेव्हाच वाजला तो."

एवढ्या वर्षांत घरात हे कधी निघालं नव्हतं.

"किती वेळ राहिला?" त्यांनी विचारलं.

रखवालदाराने घड्याळ पाहिलं. "अजून दहा मिनिटं, मिस्त्री."

दहा मिनिटं झाल्यावर बाबा उठले, धूळ झटकली आणि लेकीकडे नीट पाहिलं. "अगं, तू? छोटी कुठंय?"

"खाली आहे. चला."

उतरताना त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही.