काळ्या वायरीची बाजू

मंगळवार, १४ मे. आकाश निरभ्र, वारा नाही, सावलीत बेचाळीस अंश.

मी एक काळी वायर बोलतेय. लांबी वीतभर, वय गाडीइतकंच, म्हणजे एकेचाळीस. माझं एक टोक एसीच्या कॉम्प्रेसरला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. लाल वायर करंट आणते, त्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि मी तो करंट पत्र्यात उतरवून बॅटरीकडे परत पाठवते. आणणारीचं कौतुक होतं. नेणारी आहे हेही कुणाच्या गावी नसतं.

पहिल्या मालकाने मला कधी पाहिलं नाही. बॉनेट ड्रायव्हर उघडायचा. दुसरे मालक, म्हणजे आत्ताचे, गाडीला पोटच्या पोरासारखं जपतात. त्यांची एक वही आहे. गाडीला जे जे केलं ते तारखेनिशी लिहायचं, आणि लिहिताना मोठ्याने वाचायचं. त्यामुळे मला सगळं कळतं.

यंदा उन्हाळ्यात पहिल्यांदा एसी लावला आणि आतून गरम वाफा आल्या. वेळ वाईट होती. मालकांची थोरली बहीण, ताई, मुलीकडे कायमची राहायला जाणार होती. चार तासांचा रस्ता, आणि डॉक्टरांनी तिला ऊन वर्ज्य केलेलं.

मालकांच्या बायकोने निकाल देऊन टाकला. "अहो, गुरुवारी ताई या गाडीतून गारव्यात गेल्या तर गाडी राहील. नाहीतर शुक्रवारी गाडी घ्यायला गिऱ्हाईक येतंय, त्याला चावी द्यायची."

मग काय, फ्यूज बदलला. रिले बदलला. थर्मोस्टॅट बदलला. गाड्यांच्या वायरिंगचा मेस्त्री आला. टेस्ट लॅम्पची एक क्लिप त्याने बॅटरीच्या काळ्या टोकाला लावली, पिन लाल वायरीला टेकवली. दिवा लागला. मालकांनी वहीत लिहिलं : "करंट येतोय." पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य अकरा वेळा लिहिलं गेलं. माणसाला एकदा बरोबर उत्तर सापडलं, की तो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो.

"कॉम्प्रेसरच गेला," मंगळवारी मेस्त्री म्हणाला. "या मॉडेलचा आता मिळत नाही."

मालक मटकन स्टुलावर बसले.

ताई दारात उभी होती. "काय रे, झालं का?"

"ताई, करंट येतोय गं. अकरा वेळा बघितलं."

"येतोय ते कळलं. जातो कुठून?"

"म्हणजे?"

"अरे, नळाला पाणी आहे म्हणून बेसिन तुंबायचं राहतं का? जायची वाट बघितलीस का?"

मेस्त्री हसला. मग हसायचा थांबला. त्याने टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीऐवजी मला लावली, पिन लाल वायरीवरच ठेवली. दिवा लागला नाही. त्याचं बोट माझ्यावरून सरकत पत्र्यापर्यंत गेलं. तिथला बोल्ट निळाशार, आरशासारखा चकचकीत होता. त्याने नखाने खरवडून पाहिलं.

"इथं रंग कुणी दिला?"

मालकांनी हळूच वही मिटली.

"वहीत असेल की," बायको म्हणाली. "वाचा ना. मोठ्याने वाचता ना तुम्ही."

मालकांनी पानं मागे उलटली. खाकरले. "दोन एप्रिल. बॉनेटच्या आत निळ्या रंगाचे दोन हात. काळी वायर सोडवून बोल्ट आणि त्याचे आटेसुद्धा रंगवले. कोपरा न् कोपरा झाकला."

"झाकलास खरा," ताई म्हणाली.

रंगातून करंट जात नाही. मेस्त्रीने सॅंडपेपरने बोल्ट घासला, भोक घासलं, मला परत कसलं. कॉम्प्रेसर खट्कन फिरायला लागला.

सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या डब्यात, जुन्या स्क्रूंच्या शेजारी आहे. कारण त्याच संध्याकाळी मालकांनी मला काढून नवी वायर घातली. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं, की प्रेमाने काही रंगवायला घेतलंत तर कुणाच्या जायच्या वाटेवर ब्रश फिरवू नका.

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ताई निघाली. बाहेर त्रेचाळीस अंश, आत तेवीस. तिने वाटेत दोनदा शाल मागितली. शुक्रवारी गिऱ्हाईक आलं आणि चावीशिवाय परत गेलं. वहीतली नोंद अशी : "१४ मे. एसी दुरुस्त. दोष : काळी वायर."