'इतर' रकान्यातली मुशी

कुठला शार्क नामशेष होण्याच्या वाटेवर किती पुढे गेला आहे, हे ठरवणारी समिती दुसऱ्या मजल्यावर बसत असे. त्या खोलीतला पंखा कधीचाच नामशेष झाला होता.

टेबलाभोवती चौघं होती. अध्यक्ष म्हणजे मत्स्य खात्याचे साहेब. उजवीकडे आकडेतज्ज्ञ. डावीकडे ओळखतज्ज्ञ मॅडम, नुसत्या दातावरून शार्कची जात सांगणाऱ्या. आणि दाराजवळ मोजणीबाई. होड्यांतून उतरणारे शार्क त्यांनी सव्वीस वर्षं धक्क्यावर उभं राहून मोजले होते. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या.

सकाळपासून सहा जातींचा निकाल लागला होता. दोन 'असुरक्षित', एक 'संकटग्रस्त', उरलेल्या 'चिंता नको'. शाळेच्या निकालाहून फरक एवढाच, की इथे वरचा वर्ग मिळवणाऱ्याबद्दल सगळे हळहळत.

सातवी आली राखाडी मुशी. हातभर लांबीचा, गरीब स्वभावाचा शार्क.

"हिची पंचाईत आहे," आकडेतज्ज्ञ म्हणाले. "तीन पिढ्यांत किती घटली ते बघायचं. हिची पिढी आठ वर्षांची, म्हणजे चोवीस वर्षं झाली. आपल्याकडे आकडे चौदाच वर्षांचे. त्याआधीच्या सगळ्या बारक्या मुशा 'इतर' या रकान्यात!"

"असं कसं?" साहेब कडाडले.

"जाती ओळखायचं पुस्तक नव्हतं ना, साहेब," मोजणीबाई म्हणाल्या. "मागितल्यावर बारा वर्षांनी आलं."

मागणीचा कागद बारा वर्षं कुणाच्या टेबलावर होता हे आठवून साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

"मग 'माहिती अपुरी' लिहा. दहा वर्षांनी पुन्हा बघू."

बाईंनी मनातच हिशोब केला. दहा वर्षांनी बघायला मुशी उरायला नको? पहिल्या वर्षी दोन हजार शंभर उतरल्या होत्या. आता तेवढ्याच होड्या, तीच जाळी, आणि वर्षाला जेमतेम दीडशे. त्या बारा वर्षांच्या कच्च्या वह्या बाईंच्या पायाशी पिशवीत होत्या. पण त्या उघडण्यापेक्षा जिवंत शार्कचा जबडा उघडणं त्यांना सोपं वाटत होतं.

"कच्च्या वहीत वेगळ्या मांडल्यात," त्या शेवटी पुटपुटल्या. "फक्त नावं माझी आहेत."

मॅडमनी वही ओढली. "'जाऊबाई, नऊ'?"

"हातोडीच्या डोक्याचा शार्क. एकाच वेळी दोन्हीकडे बघतो."

"'मामंजी'?"

"तळाशी पडून असतो. तोंड उघडं."

"'आत्याबाई'?"

"डोळे एवढाले. कायम आश्चर्यात."

"अच्छा! आणि पानोपानी हा 'साहेब' आहे, तो?"

बाईंनी नजर पिशवीत घातली. पण सगळ्यांनी एकदम टेबलावरच्या राखाडी मुशीच्या चित्राकडे पाहिलं, आणि मग एकदम दुसरीकडे.

"टोपणनाव चालणार नाही," आकडेतज्ज्ञ घाईघाईने म्हणाले. "पक्की खूण लागते."

"खूण आहे," मॅडम म्हणाल्या. "तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून खाली उतरलेली लांब घडी. या समुद्रात दुसऱ्या कुठल्याच मुशीला ती नाही."

आता तुलना तेवढी करायची राहिली होती. चित्र समोर होतं, साहेबही समोर होते. पण आकडेतज्ज्ञांची बढती अडकलेली होती, त्यामुळे त्यांना अचानक पेन सापडेना.

"माफ करा, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा नवीन होतात. रोज धक्क्यावर रागवायला यायचात. मी खाली पाहिलं की ही, वर पाहिलं की तुम्ही."

साहेबांनी चष्मा चढवला. चित्र पाहिलं. खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. पुन्हा चित्र.

"नाक जुळत नाही," ते म्हणाले.

"नाक नाही हो, घडी!" मॅडम शास्त्राच्या भरात बोलून गेल्या आणि जीभ चावली.

साहेबांनी बोटाने ओठांच्या कडा चाचपल्या. जरा हसत जा, नाहीतर तोंड असंच राहील, असं बायको वीस वर्षं सांगत होती. आता 'नाही' म्हटलं की विषय संपत होता.

"जुळते," साहेब म्हणाले. "लिहा. खातरजमा अध्यक्षांनी स्वतः केली."

आकडेतज्ज्ञांना पेन सापडलं. "त्र्याण्णव टक्के घट! ऐंशीच्या वर म्हणजे सरळ 'अतिसंकटग्रस्त'!"

बाईंनी टाळीच वाजवली. मग कशासाठी वाजवली ते लक्षात येऊन हात पदराखाली घेतले.

"आता पकडण्यावर बंदीची शिफारस जाईल ना, साहेब?"

"आजच जाईल. एवढ्या जवळच्या नात्यातली आहे म्हटल्यावर!" साहेब म्हणाले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच खदखदून हसले. तोंडाच्या कडेची घडी पार नाहीशी झाली.

मॅडमनी घाबरून अहवाल पुढे सरकवला. "साहेब, सही होईपर्यंत हसू नका!"