हरवलेल्या टेपमधली माणसं

परभणीतल्या मनोविकारांच्या एका दवाखान्यात राजेश्री कॉम्प्युटरचं काम पाहायची. रुग्णांच्या सगळ्या माहितीची नक्कल ती दर आठवड्याला एका टेपवर उतरवायची आणि गंगाखेडच्या शाखेत ठेवायला पाठवायची, म्हणजे इथं आग जरी लागली तरी माहिती वाचेल. टेप न्यायचा दवाखान्यातला शिपाई मुंजाजी. त्या सोमवारी एसटीत त्याचा डोळा लागला, गंगाखेडला तो घाईघाईत उतरला आणि टेपची पिशवी सीटवरच राहिली. स्टँडवर, कंडक्टरकडे, सगळीकडे विचारून झालं. परत येऊन त्यानं काहीही न लपवता सांगितलं.

राजेश्रीनं सिस्टीममध्ये त्या टेपवर 'हरवली' अशी खूण केली आणि लगेच दुसऱ्या टेपवर नवी नक्कल काढली. डॉक्टर म्हणाले, मग प्रश्न मिटला, माहिती आपल्याकडे आहेच की.

"आपल्याकडं हाय सर. पण आता आणखी कुणाकडं असंल तर?" राजेश्री म्हणाली.

टेपला पासवर्ड नव्हता. डॉक्टर रुग्णांना फोन करून कळवायला तयार झाले.

पहिलाच फोन सोनपेठकडच्या सरजाबाईंना लावला. तो सुनेनं उचलला आणि कुठून बोलायलात म्हणून विचारलं. दवाखान्याचं नाव राजेश्रीच्या ओठांवर येऊन थांबलं. गुडघे दुखतात असं घरी सांगून सरजाबाई परभणीला येत. चुकून लागला म्हणत तिनं फोन ठेवला. टेपमुळे जे कदाचित झालं असतं, ते आत्ता तिच्याच तोंडून झालं असतं.

मग ठरलं, फोन नकोत. जो येईल त्याला डॉक्टरांनी स्वतः, दार लावून सांगायचं.

सरजाबाई आल्या तेव्हा राजेश्रीही आत बसली होती. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे कुणालाबी कळू शकतंय?"

"कळंलच असं न्हाई मावशी. पण कळू शकतंय," राजेश्री म्हणाली.

सरजाबाई म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं. लोकाकडून कळायच्या आधी मीच सांगते सुनंला. मी गप्प गप्प ऱ्हाते, तर तिला वाटायलंय, तिच्यावरच रुसले."

टेप सापडली नाही. नव्या टेपा आता पासवर्डशिवाय उघडत नाहीत. काही रुग्ण रागावून दुसरीकडे गेले. डॉक्टरांनी त्यांची समजूत काढली नाही. त्यांचा राग खरा आहे, म्हणाले.

पुढच्या खेपेला सरजाबाईंसोबत सून आली होती. ती बाहेरच बाकावर टेकली, तेव्हा सरजाबाई दारातून वळून म्हणाल्या, "आत ये. तूबी ऐक."